पट्ट्यावरून मोटरवर : आपल्या वर्कशॉपमधल्या ग्राइंडरचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी टाळाटाळच करत होतो. सहली, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतले वडे यांवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. शेवटी पलीकडून सांगण्यात आलं, "अरे, तू टेक्निकलवाला. वर्कशॉपवर कुणीच लिहिलेलं नाही. तू लिही." म्हणून हा लेख. यात आठवणी आहेत, पण मला खरं तर इतिहास सांगायचा आहे, आणि तोही एका ग्राइंडरचा. बाईंनी शिकवलेल्या इतिहासात सनावळ्या असत, इथेही थोड्या येतील, त्याला इलाज नाही.

ज्यांनी टेक्निकल घेतलं नव्हतं त्यांना वर्कशॉप फक्त बाहेरून आठवत असेल. मंगलोरी कौलांची लांबट शेड, खिडक्यांना जाळी, आणि मंगळवारी-गुरुवारी दुपारी आतून येणारा एक विशिष्ट आवाज. तो आवाज यंत्रांचा नव्हता, पट्ट्यांचा होता. शेडच्या वाशांखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लोखंडी दांडा ब्रॅकेटांवर बसवलेला होता. त्याला लाइन शाफ्ट म्हणत. कोपऱ्यात पाच अश्वशक्तीची एकच मोटर. तिचा पट्टा त्या दांड्याला, आणि दांड्यावरच्या पुल्यांवरून खाली येणारे बाकीचे पट्टे दोन लेथला, एका ड्रिलला, एका करवतीला आणि शेवटच्या खिडकीपाशी असलेल्या ग्राइंडरला. पट्ट्याचा सांधा पुलीवरून गेला की "फट्" असा आवाज व्हायचा. पाच पट्टे, पाच वेगळ्या लयी. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई दर तासाला एकदा तरी दार लावून घ्यायच्या.

आम्हाला वाटायचं, कारखाना म्हणजे हेच. आपल्या डोक्यावर फिरत होता तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कारखाना होता, हे कळायला मला पुढे डिप्लोमाला जावं लागलं.

वाफेच्या इंजिनाचा काळ आठवा. इंजिन मोठं, महाग, आणि त्याला बॉयलर, कोळसा, पाणी, फायरमन हा सगळा संसार. प्रत्येक यंत्राला वेगळं इंजिन देणं शक्यच नव्हतं. म्हणून एक इंजिन आणि त्याची शक्ती दांड्या-पट्ट्यांनी सगळीकडे वाटायची, ही व्यवस्था आली. कारखान्याची इमारतसुद्धा त्या दांड्याच्या सोयीने बांधली जायची. लांबट आणि अरुंद, कारण दांडा सरळ रेषेतच जातो. ज्या यंत्राला जास्त शक्ती लागते ते इंजिनाजवळ, बाकीची पुढे. काम कुठल्या क्रमाने होतं याला दुय्यम स्थान. आपल्या शेडमध्ये ग्राइंडर शेवटच्या खिडकीपाशी का होता, लेथजवळ का नव्हता, याचं उत्तरही तेच. लेथवर काम करणाऱ्याला हत्याराला धार लावायला दर वेळी शेडभर चालत जावं लागे.

आणि शक्ती वाया किती जायची! बेअरिंगमधलं घर्षण, पट्ट्याची घसरण, नुसताच फिरत राहणारा दांडा. अनेक कारखान्यांत इंजिनाच्या शक्तीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच संपायचा. एक ड्रिल चालवायचं असलं तरी अख्खा दांडा फिरवायचा. गावजेवणाची चूल पेटवून एक कप चहा करण्यासारखं.

रत्नागिरीकरांचा या पट्ट्यांशी संबंध वर्कशॉपच्या फार आधीपासूनचा आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली, आणि पुढे गिरणगाव वाढला तो मोठ्या प्रमाणावर आपल्या जिल्ह्यातल्या माणसांवर. आपल्यातल्या किती जणांचे आजोबा परळ-लालबागला होते, हात वर करायला सांगितले तर अर्धा हॉल हात वर करेल. माझेही होते. ते सांगायचे ते मागाचं नव्हे, पट्ट्यांचंच. धोतराचा सोगा कसा खोचायचा, खांद्यावरचा पंचा आत जायच्या आधी कुठे ठेवायचा, उतरलेला पट्टा पुलीवर चढवायला कुणाला बोलवायचं. "पट्टा माणूस ओळखत नाही," एवढंच ते म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती.

सरकारलाही हे ठाऊक होतं. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात मुलांच्या कामाच्या तासांबरोबर धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा वाचला तर तो जणू पट्ट्यांनी भरलेल्या शेडमध्ये उभं राहूनच लिहिला आहे. चालू यंत्राचे पट्टे चढवणं-उतरवणं हे फक्त खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगाराचं काम. वापरात नसलेला पट्टा फिरत्या दांड्यावर लोंबकळत ठेवायचा नाही. आणि कलम ३० : जिथे ग्राइंडिंग चालतं तिथे प्रत्येक यंत्राजवळ एक पाटी हवी. तिच्यावर तीन गोष्टी लिहायच्या. चाकाचा परिघावरचा कमाल सुरक्षित वेग, चाक ज्या दांड्यावर बसवलं आहे त्याची गती, आणि तो वेग राखायला लागणाऱ्या पुलीचा व्यास. या तिसऱ्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता मोटर. निकोला टेस्लाला इंडक्शन मोटरची पेटंटं १८८८ मध्ये मिळाली. पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने जर्मनीत तीन फेजची, आज आपण सगळीकडे पाहतो त्या धाटणीची मोटर केली. आत फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, ब्रश नाहीत, ठिणगी नाही. भातगिरणीच्या धुळीतही वर्षानुवर्षं चालते ती यामुळे. पण शोध लागला म्हणून पट्टे उतरले नाहीत. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा १८९९ मध्ये कारखान्यांच्या शक्तीपैकी ५ टक्क्यांहून कमी शक्ती विजेच्या मोटरींतून येत होती. निम्म्याच्या वर जायला १९१९ उजाडावं लागलं. आणि सुरुवातीला बहुतेकांनी केलं काय, तर वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर ठेवली. दांडा तोच, पट्टे तेच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर, ही कल्पना रुजायला आणखी काळ गेला. आपल्या वर्कशॉपमधली कोपऱ्यातली मोटर ही या मधल्या पायरीवर थांबलेली होती.

मुंबईला पाण्यावरची वीज मिळाली ती टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून, १९१५ मध्ये. लोणावळ्याकडचं पाणी घाटाखाली आणून केलेली ही वीज मुख्यतः गिरण्यांसाठीच होती. आजोबा गिरणीत लागले तेव्हा वीज आली होती, पण पट्टे होतेच, हे त्यांच्या करंगळीवरून कळतं.

मोटर स्वस्त आणि देशी व्हायला किर्लोस्करांचं नाव घ्यावंच लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून बेळगावला सायकलचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली होती. पुस्तकात नव्हतं ते असं की १९४६ मध्ये किर्लोस्करांनी बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पीठगिरणी, भातगिरणी, विहिरीवरचा पंप, जिथे पाहाल तिथे देशी मोटर दिसू लागली. सहाणेच्या बाजूनेही कोकणाचा एक धागा आहे : देशातला पहिला ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना १९४१ मध्ये उरणजवळ मोऱ्याला निघाला. तोवर ही चाकं परदेशातून यायची.

राहिली वीज. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात सोडलं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले संच चालू झाले. तेच पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्राला जातं. वीज आपल्या जिल्ह्यात होत होती, आणि आपल्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी दिवा मिणमिणायचा, हा विनोद आमचे सर नेहमी करायचे.

आता आपल्या ग्राइंडरकडे येतो.

नववीत होतो. गुरुवारची दुपार. आपल्याच बॅचचा एक मित्र (नाव लिहीत नाही, तो संमेलनाला येणार आहे आणि स्वतःच सांगेल) छिन्नीला धार लावत होता. ग्राइंडरच्या पट्ट्याचा सांधा निघाला. सुटलेलं टोक वरून चाबकासारखं आलं आणि त्याच्या खांद्यापासून कोपरापर्यंत ओरखडा काढून गेलं. चामड्याचा पट्टा, त्याला पोलादी चिमट्यांचा सांधा, म्हणजे ओरखडा म्हणणं सौम्य झालं. तो पडला नाही. छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "सर, पट्टा तुटला." रक्त नंतर दिसलं. अकरा टाके पडले. चेहऱ्यापासून वीतभर अंतर होतं.

सरांनी त्या दिवशी दांडा थांबवला तो पंधरा दिवस चालू केला नाही. सांधा कुणी तपासायचा, कधी तपासायचा, याची चर्चा मोठ्यांमध्ये झाली असणार, आम्हाला कळली नाही. आम्हाला एवढंच दिसलं की सर दुपारी एकटे शेडमध्ये बसून वहीत आकडे मांडत आहेत. नंतर त्यांनी सांगितलं : बाकीची यंत्रं पट्ट्यावर राहतील, जाळ्या लावून. ग्राइंडरला पट्टा नको. चाक थेट मोटरच्या दांड्यावर.

नवीन मोटरीला पैसे नव्हते. एका बंद पडलेल्या भातगिरणीतून एक अश्वशक्तीची तीन फेजची मोटर जवळजवळ फुकट मिळाली. आम्हाला वाटलं, झालं काम, चाक बसवा आणि चालवा. सरांनी त्या मोटरीच्या पाटीवरचा एक आकडा फळ्यावर लिहिला : २८८०. मिनिटाला एवढे फेरे. शेजारी लिहिलं : १७००. पट्ट्यावर असताना आपल्या चाकाचे फेरे एवढे होते.

"चाक तेच लावलं तर काय होईल?"

कुणी म्हणालं, "लवकर धार लागेल."

सर म्हणाले, "चाकाचे तुकडे कौलातून बाहेर जातील."

मग गणित. चाकाचा व्यास २५० मिलिमीटर. परिघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, त्याला फेऱ्यांनी गुणायचं. १७०० फेऱ्यांना चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर. २८८० ला तोच जवळपास ३८. आणि चाकावर चिकटवलेल्या कागदावर कमाल मर्यादा ३३. सहाणेचं चाक म्हणजे मसाला घालून भट्टीत भाजलेले कण. दाबाला घट्ट, ओढीला कच्चं. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. आमच्यापैकी निम्म्यांना वर्ग म्हणजे काय हे त्या दिवशी पहिल्यांदा खरं समजलं. गणिताच्या सरांची क्षमा मागून लिहितो.

पट्ट्यात ही अडचण नव्हती. वेग बदलायचा तर पुली बदला. जास्त जोर पडला तर पट्टा घसरतो, म्हणजे तोच फ्यूज. थेट मोटरवर आलात की ही दोन्ही सुखं गेली. ५० सायकलच्या विजेवर तीन फेजची मोटर एक तर साधारण २८८० फिरते किंवा १४४०, किंवा त्याहून कमी ठरावीक आकड्यांना. मधलं काही नाही. आता वेग बदलायचा नसेल तर चाक बदलायला हवं. २०० मिलिमीटरचं चाक २८८० ला सेकंदाला ३० मीटर देतं. तेच ठरलं.

चाक दांड्यावर बसवायची गोष्ट मात्र पुस्तकाइतकी सोपी निघाली नाही. मोटरीचा दांडा १९ मिलिमीटरचा, त्याला चावीची खाच, आटे नाहीत. सरांनी आपल्याच लेथवर एक बाही कातली. आतून दांड्याला बसणारी, बाहेरून चाकाला आधार देणारी चकती आणि टोकाला आटे. पहिली बाही डगमगत होती. दुसरी आत सैल झाली. तिसरी बसली, आणि ती कातताना मी लेथपाशी उभा होतो, हे मी आजही मुलाखतीत सांगितल्यासारखं सगळ्यांना सांगतो. चाक लावायच्या आधी सरांनी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. खणखणीत आवाज आला. "मडकं घेताना तुमची आई काय करते?" एवढंच त्यांनी विचारलं. चिरलेलं चाक बद्द वाजतं. दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या चकत्या, मग नट, फार आवळायचा नाही.

सरांचं खरं डोकं मला दिसलं ते चाकावरच्या टोपणात. त्यांनी ३ मिलिमीटर पत्र्याचं जे आवरण केलं त्याचा आतला व्यास मुद्दाम असा ठेवला की २०० च्या वरचं चाक त्यात बसूच शकणार नाही. उद्या मी नसेन, मुलं नवीन असतील, कपाटात जुनं २५० चं चाक सापडेल आणि कुणीतरी ते लावेल, असं ते म्हणाले. पाटी वाचायची राहून जाऊ शकते, पत्र्यात न मावणारं चाक बसवणं राहून जात नाही.

पाटी त्यांनी तरीही केली. शाळेला फॅक्टरी कायदा लागू नव्हता, पण कलम ३० मधली पाटी हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहून भिंतीवर आली. कमाल सुरक्षित वेग : सेकंदाला ३३ मीटर. दांड्याची गती : मिनिटाला २८८० फेरे. पुलीचा व्यास : आणि पुढे एक आडवी रेघ. पुली नव्हतीच. कायदा पट्ट्यांच्या जगात लिहिला गेला होता आणि आपला ग्राइंडर त्या जगातून बाहेर पडला होता.

पाटीखाली एक लाल बाणही होता. त्याचं महत्त्व पुढच्या पावसाळ्यात कळलं. तीन फेजमधल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. चाकाचा नट फिरण्याच्या दिशेमुळे घट्ट राहील अशा आट्यांचा असतो, दिशा उलटली की तोच नट सैल होत जातो. जुलैच्या वादळात रस्त्यावरचा खांब पडला, लाइन दुरुस्त झाली, वीज आली. वर्कशॉपच्या पाळीवर त्या दिवशी मी होतो. नियम असा : बटण दाबायचं, लगेच बंद करायचं, बाजूला उभं राहून चाक थांबताना बाणाकडे बघायचं. चाक बाणाच्या उलट फिरत होतं. लेथही उलटे फिरले असते, पण लेथ उलटा फिरला तर फार तर काम बिघडतं. सरांना सांगितलं. ते आले, मुख्य स्विचवरच्या दोन तारा बदलल्या, आणि जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या वयात तो हात प्रगतिपुस्तकापेक्षा मोठा होता.

पुढचं थोडक्यात. मी डिप्लोमानंतर काही वर्षं नोकरी केली आणि मग इथेच छोटी शेड टाकली. विळे, कोयते, आंबा काढायच्या घळाची पाती, दुरुस्तीची कामं. कोयत्याच्या पात्याला सपाट घासायला दगडी चाकापेक्षा एमरीचा फिरता पट्टा बरा, म्हणून बेल्ट ग्राइंडर घेतला. त्यात मोटर खाली, चाक वर आणि मध्ये व्ही-बेल्ट. दर दोन महिन्यांनी बेल्ट सैल, धूळ पुलीत, थरथर पात्यावर उमटलेली. एका रविवारी मी तो सोडवला आणि १५० मिलिमीटरचं ड्रायव्हिंग चाक थेट दीड किलोवॅटच्या, १४४० फेऱ्यांच्या मोटरीच्या २४ मिलिमीटर दांड्यावर बसवलं. वेग सेकंदाला ११ मीटरच्या वर. पात्याला थोडा कमी वाटला, पण पातं तापून पाणी उतरण्यापेक्षा बरा. मोटर पूर्ण बंद आवरणाची घेतली, कारण पूर्वी पट्ट्यामुळे ती धुळीपासून लांब होती आणि आता धुळीच्या तोंडाशी आली. चाकाचा बाहेरचा भाग मी बाजारातून कातून आणला नाही. त्याच मोटरीवर बसवून, तिच्यावरच फिरवून सारखा केला. सरांच्या पहिल्या दोन बाह्या का डगमगल्या हे तेव्हा कळलं. काही वर्षांपूर्वी त्याला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लावला. सायकल कमी-जास्त करून आता वेग हवा तसा मिळतो, म्हणजे पुली बदलायचं जुनं सुख एका डबीत परत आलं. कामाला असलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी सायकलची कमाल मर्यादा त्या डबीतच बांधून टाकली आहे, आणि ते करताना मला पत्र्याचं टोपण आठवलं.

वर्कशॉपची शेड आता नाही, तिथे संगणक कक्ष आहे. मागच्या वर्षी गेलो होतो तेव्हा जुन्या भिंतीचा जेवढा भाग राहिला आहे त्यात लाइन शाफ्टचे दोन ब्रॅकेट अजून गाडलेले दिसले. कापायला त्रास होईल म्हणून ठेवले असावेत. ग्राइंडर भंगारात गेला असं शिपाईमामांनी सांगितलं. हिरवी पाटी मात्र भंगारवाल्याने नेली नव्हती, ती कुणीतरी आधीच काढून नेली होती. आपल्यापैकी कुणाकडे असेल तर संमेलनाला घेऊन या. सर येणार आहेत.